तिरका प्लॉट आणि तीन हिस्से

नववीच्या वर्गात ‘चौकोन’ हे प्रकरण सुरू झाले की पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर आकृती काढत नाही, फक्त नावे लिहितो. आमच्या शाळेत मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमे आहेत आणि गणिताचे तास आम्ही दोन्हीकडे घेतो. मुले घरात उर्दू बोलतात, बाजारात मराठी आणि अहिराणी. त्यामुळे एकाच आकृतीला दोन नावांनी हाक मारायची सवय आम्हाला लागली आहे. मराठीत जो समांतरभुज चौकोन, तोच उर्दूत मुतवाज़ीउल-अज़लाअ. हे लांबलचक नाव ऐकले की मुले एकमेकांकडे बघू लागतात. मग आम्ही ते नाव सोडवून दाखवतो. मुतवाज़ी म्हणजे समांतर. अज़लाअ हे ‘ज़िलअ’ या शब्दाचे अनेकवचन आणि ज़िलअ म्हणजे बाजू. आपण रोज बोलतो तो ‘जिल्हा’ याच शब्दावरून मराठीत आला. म्हणजे ज्याच्या बाजू समांतर, तो मुतवाज़ीउल-अज़लाअ. मराठी नाव अक्षरशः हेच सांगते. भीती अर्धी तिथेच जाते.

काही शब्द उलट घोटाळा करतात. आमच्या घरांत ‘आयत’ म्हटले की कुरआन शरीफची आयत डोळ्यासमोर येते आणि मराठीच्या पुस्तकात आयत म्हणजे चारही कोन काटकोन असलेला चौकोन. दरवर्षी एखादे मूल विचारतेच की हे दोन्ही एकच का? एक नाहीत. मराठीतला आयत संस्कृतातून आला, त्याचा अर्थ लांब, पसरलेला. अरबीतल्या आयतचा अर्थ निशाणी. उच्चार जुळला, नाते नाही. उर्दूत या चौकोनाला मुस्ततील म्हणतात. चौरस म्हणजे मुरब्बा, आणि तो शब्द आला की वर्गात आवळ्याचा मुरब्बा निघतोच. उर्दूत लिहिताना दोन्हींचे शेवटचे अक्षर वेगळे आहे, एवढे लक्षात ठेवले की झाले. काटकोनाला ज़ाविया क़ायमा म्हणतात. क़ायमा म्हणजे ताठ उभा राहिलेला. हा शब्द पुढे आम्हाला घरच्या एका कामात फार उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता आकृतीकडे येऊ. समांतरभुज चौकोनाची व्याख्या एका ओळीची आहे: ज्या चौकोनाच्या संमुख भुजांच्या दोन्ही जोड्या समांतर असतात तो. यात लांबीबद्दल काही नाही, कोनाबद्दल काही नाही, कर्णाबद्दलही नाही. पण ही एक अट पाळली की बाकीच्या गोष्टी आपोआप पाळल्या जातात. समोरासमोरच्या भुजा सारख्या लांबीच्या होतात. समोरासमोरचे कोन सारखे होतात. लगतच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश होते. कोणताही एक कर्ण काढला की आकृतीचे दोन एकरूप त्रिकोण होतात आणि दोन्ही कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात.

हे ज्ञान फार जुने आहे. सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात ते क्रमाने सिद्ध केले. हारून अल-रशीद यांच्या काळात हज्जाज इब्न युसूफ इब्न मतर यांनी हा ग्रंथ अरबीत आणला. पुढे इसहाक इब्न हुनैन यांनी नवा अनुवाद केला आणि साबित इब्न कुर्रा यांनी तो तपासून शुद्ध केला. त्याच नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज़्मी यांनी बीजगणितावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातल्या ‘अल-जब्र’ या शब्दावरूनच ‘अल्जिब्रा’ हे नाव पडले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या पुस्तकात जमीन-मोजणीचेही एक प्रकरण आहे आणि तिथे चौकोनांचे पाच प्रकार सांगितले आहेत: चारही भुजा सारख्या आणि कोन काटकोन असलेला, कोन काटकोन पण लांबी-रुंदी वेगळी असलेला, भुजा सारख्या पण कोन काटकोन नसलेला, समोरासमोरच्या भुजा सारख्या, पण लांबी-रुंदीही वेगळी आणि कोनही तिरके असलेला, आणि पाचवा, ज्याचे काहीच जुळत नाही तो. चौथा म्हणजे आपला समांतरभुज चौकोन. मुले हे ऐकतात तेव्हा त्यांना वाटते की आपले पाठ्यपुस्तक फार लांबून चालत आले आहे. ते खरेच आहे.

मात्र आजचे पुस्तक एका बाबतीत जुन्या यादीपेक्षा वेगळे बोलते आणि मुलांची गाडी तिथेच अडते. जुन्या यादीत चौरस वेगळा, आयत वेगळा, तिरका वेगळा. आजची व्याख्या म्हणते की चौरसाच्याही संमुख भुजा समांतर आहेत, म्हणून चौरस हासुद्धा समांतरभुज चौकोनच. मुलांना हे पटत नाही. “मॅडम, चौरस तर सरळ आहे, तो तिरका कसा?” आम्ही विचारतो, व्याख्येत ‘तिरका’ हा शब्द कुठे आहे? तो तुम्ही मनातून घातला. चाळीसगावचा माणूस खानदेशी असतो, पण प्रत्येक खानदेशी माणूस चाळीसगावचा नसतो. तसेच प्रत्येक आयत समांतरभुज असतो, प्रत्येक समांतरभुज आयत नसतो.

हे सगळे प्रकार लक्षात ठेवायला आम्ही पाठांतर करून घेत नाही. झाडूच्या काड्या आणायला सांगतो. काड्या हेच कर्ण. दोन काड्या फुलीसारख्या ठेवायच्या आणि त्यांची चार टोके दोऱ्याने जोडायची. काड्या लांबीला वेगळ्या, पण टाचणी दोघींच्या बरोबर मध्यावर, तर होतो समांतरभुज चौकोन. काड्या सारख्या लांबीच्या आणि टाचणी मध्यावर, तर आयत. काड्या वेगळ्या लांबीच्या, टाचणी मध्यावर, पण फुली काटकोनात, तर चारही भुजा सारख्या होतात. हा समभुज चौकोन, उर्दूतला मुअय्यन. काड्या सारख्या, टाचणी मध्यावर आणि फुलीही काटकोनात, तर चौरस. फुली काटकोनात आहे, पण टाचणी एकाच काडीच्या मध्यावर आहे, दुसरीच्या नाही, तर पतंग. काड्या सारख्या आहेत, पण टाचणी दोघींच्या मध्यापासून सारखीच खाली सरकली आहे, तर समलंब चौकोन, ज्याची समांतर जोडी एकच असते. सहा आकृत्या आणि काड्या दोनच. मुलांना हे कळले की ती स्वतःच सांगू लागतात: कर्ण परस्परांना दुभागतात का, हा पहिला प्रश्न. उत्तर ‘हो’ आले तर आकृती समांतरभुजाच्या घराण्यातली, ‘नाही’ आले तर बाहेरची.

समलंब चौकोनाचा नमुना तर आपल्या प्रत्येक घरात आहे. कुरआन शरीफची रेहल उघडून बाजूने पाहा. सारख्या लांबीच्या दोन फळ्या फुलीसारख्या अडकवलेल्या असतात, पण बहुतेक रेहलींमध्ये सांधा मध्याच्या खाली असतो. वरची टोके दूर, खालची जवळ. चारही टोके मनात जोडली की वरची आणि खालची रेघ समांतर, पण लांबी वेगळी. हाच समलंब. आता घडीचे स्टूल पाहा. त्याचे पाय मध्यावर जोडलेले असतात, म्हणून टोके जोडली की आयत होतो. म्हणूनच स्टूल कितीही उघडा, बसायची जागा जमिनीला समांतर राहते.

किराणा दुकानात, इलेक्ट्रॉनिक काटा येण्यापूर्वी, दोन पारडी वर असलेला तराजू असायचा. त्याच्या पोटात सांध्यांनी जोडलेला समांतरभुज चौकोन असतो. १६६९ साली रोबरवाल या फ्रेंच गणितज्ञाने ही रचना मांडली. दांडी वर-खाली झाली तरी चौकोनाच्या उभ्या भुजा उभ्याच राहतात, म्हणून पारडे कलत नाही आणि वजन पारड्याच्या कडेला ठेवले की मध्यावर, याने मापात फरक पडत नाही. माप पुरे द्यावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. दुकानदाराची नियत तर हवीच, पण तराजूच्या पोटातल्या भुजाही समांतर हव्यात.

आता या आकृतीचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा गुण. चार पट्ट्या घ्या, दोन लांब, दोन आखूड, आणि कोपऱ्यांवर सैल टाचण्या लावून आयत बनवा. मग एक कोपरा हळूच ढकला. आयत कलतो. पट्ट्यांची लांबी तीच, परिमिती तीच, पण आतली जागा कमी होत जाते. आणखी ढकला, आणखी कमी. शेवटी पट्ट्या एकमेकींवर झोपतात आणि आत काहीच उरत नाही. जुनी बाज आठवा. वर्षानुवर्षे एकाच बाजूने बसून ती तिरकी होते. चारही लाकडे तेवढीच असतात, पण एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. अब्बा लांब झालेल्या कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधून पीळ देत आणि बाज पुन्हा सरळ होई. भुजा जागच्या जागी असताना आकृती कोणती आहे हे कर्ण ठरवतो, हे तेव्हा कोणी सांगितले नाही, पण आम्ही भावंडांनी ते पाहिले होते.

भास्कराचार्यांनी हेच ११५० साली ‘लीलावती’त बजावून ठेवले आहे. नुसत्या चार भुजा सांगून, कर्ण किंवा लंब न सांगता, जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी सरळ पिशाच म्हटले आहे, आणि विचारलेले जाणून न घेता जो उत्तर देतो त्यालाही सोडलेले नाही. भास्कराचार्यांच्या घराण्याची खूण आमच्या जिल्ह्यातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. आणि अकबर बादशहाच्या आज्ञेवरून १५८७ साली फ़ैज़ी यांनी ‘लीलावती’ फारसीत नेली. बगदादचे पुस्तक आपल्याकडे आले, आपले पुस्तक फारसीत गेले. मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

भास्कराचार्यांचा तो टोला नुसता विनोद नाही, हे आम्हाला घरच्या कामात कळले.

मरहूम अब्बांनी नोकरीत असताना गावाबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. अम्मी त्यांच्या आधी गेल्या. अब्बांच्या नंतर देणी फेडली, आणि तरक्यात मुख्य मालमत्ता राहिली ती हाच प्लॉट. वारस आम्ही तीन भावंडे, सर्वांत थोरला भाऊ आणि दोघी बहिणी. सूरह निसामधल्या हुकमाप्रमाणे मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक, म्हणजे एकूण चार भाग. इथपर्यंत घरात मतभेद नव्हता. पण आपल्या समाजात हिशेब इथपर्यंत नीट येतो आणि पुढे हक्कसोडपत्रावर संपतो, हे वाचकांना सांगायला नको. आमच्याकडेही एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी तो विषय काढला. बहिणींना जमीन हवी की माहेर हवे, असा तो नेहमीचा प्रश्न. भाईजान तेव्हा शांतपणे म्हणाले, “दोन्ही का नको? अब्बांनी आम्हाला असं शिकवलं नाही. हिस्सा द्यायचाच आहे. कसा पाडायचा तेवढं सांगा.”

कसा पाडायचा, हाच खरा प्रश्न होता, कारण प्लॉट तिरका होता. समोर रस्ता, ६० फूट. मागची हद्दही ६० फूट आणि रस्त्याला समांतर. पण एका कडेने पाटचारी तिरकी जाते, म्हणून दोन्ही बाजूंच्या हद्दी तिरक्या, प्रत्येकी ३९ फूट. सगळे जण साठ गुणिले एकोणचाळीस करून २३४० चौरस फूट असेच बोलत होते. घरातल्या जुन्या कागदावर पेन्सिलीने कुणीतरी हाच आकडा लिहून ठेवला होता.

नातेवाइकांनी तोडगा सुचवला. मधला सरळ भाग भाईजानने ठेवावा, घर बांधायला बरा पडेल. दोन टोकांना दोन तिरके तुकडे उरतात, ते दोघी बहिणींना द्यावेत. “टोकं दोन आणि बहिणीही दोन,” ते म्हणाले, “हिशेब सरळ आहे.” ऐकायला तो खरोखरच सरळ वाटत होता. त्यांच्या मनात काही वाकडे होते असे आम्हाला आजही वाटत नाही. डोळ्यांना सरळ जमीन चांगली दिसते आणि उरलेले ते उरलेले, एवढेच.

भाईजान म्हणाले, “तू गणित शिकवतेस ना? मग कागदावर नको, जमिनीवरच दाखव.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे टेप, दोरी आणि चार खुंट्या घेऊन गेलो. ओळखीचा एक गवंडी सोबत होता. त्याने लोखंडी गुण्या आणला होता. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या तो हाच, आणि फारसीतही त्याला गुनियाच म्हणतात. गवंड्याने आधी समोरासमोरच्या हद्दी मोजल्या. सारख्या निघाल्या. मग दोन्ही कर्ण मोजले. एक ८३ फूट २ इंच, दुसरा ५७ फूट साडेसात इंच. तो हसून म्हणाला, “मॅडम, हा गुण्यात नाही.” त्याने एका वाक्यात नववीचे प्रमेय सांगितले. संमुख भुजा सारख्या आहेत म्हणून समांतरभुज. कर्ण सारखे नाहीत म्हणून आयत नाही. दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. नुसते कर्ण सारखे आहेत म्हणून आयत म्हणता येत नाही, कारण रेहलीचेही कर्ण सारखेच असतात.

माप चुकले नाही ना, हे पाहायलाही एक नियम आहे. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. भुजांची बेरीज आली १०,२४२ आणि आमच्या टेपच्या कर्णांची १०,२३७. टेप थोडी सैल धरली तरी एवढा फरक पडतो. माप विश्वासाचे होते.

मग खरे काम. रस्त्याच्या हद्दीवर गुण्या ठेवून मागच्या हद्दीपर्यंत ताठ दोरी ओढली, ज़ाविया क़ायमा. दोरी भरली ३६ फूट. समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, आणि उंची म्हणजे ही उभी दोरी, तिरकी हद्द नव्हे. साठ गुणिले छत्तीस, २१६० चौरस फूट. सगळे ज्याला २३४० समजत होते त्यातले १८० चौरस फूट जमिनीवर कुठेच नव्हते, ते फक्त कागदावर होते.

२१६०चे चार भाग केले की एक भाग ५४०चा. म्हणजे प्रत्येक बहिणीचा हक्क ५४० आणि भाईजानचा १०८०. आता सुचवलेला तोडगा जमिनीवर आखून पाहिला. तिरक्या हद्दीमुळे मागची रेघ पुढच्या रेघेपेक्षा १५ फूट सरकलेली होती. त्यामुळे मधला आयत ४५ गुणिले ३६, म्हणजे १६२० चौरस फूट. दोन्ही टोकांना काटकोन त्रिकोण उरले, पाया १५, उंची ३६, प्रत्येकी २७० चौरस फूट. बहिणींना हक्काच्या बरोबर निम्मे. आणि आणखी एक गोष्ट, जी क्षेत्रफळात दिसत नाही. दोन्ही त्रिकोण एकरूप होते, पण एकाचा १५ फुटांचा पाया रस्त्यावर होता आणि दुसऱ्याचा मागच्या हद्दीवर. दुसरा त्रिकोण रस्त्याला फक्त एका टोकाने टेकत होता. तोच धाकटीच्या वाट्याला येणार होता. ती त्या टोकावर उभी राहिली आणि म्हणाली, “मी माझ्या जमिनीत पाय कुठून ठेवू?” सगळे हसले, पण भाईजान हसले नाहीत.

उपाय समांतरभुज चौकोनाच्या स्वभावातच होता. पायाचे चार सारखे भाग करा आणि प्रत्येक खुणेतून तिरक्या हद्दीला समांतर रेघ मागे न्या. चार लहान समांतरभुज चौकोन होतात. प्रत्येकाचा पाया १५, उंची तीच ३६, क्षेत्रफळ ५४०. दोन भाग भाईजानचे, एकमेकांना लागून, म्हणजे ३० फूट रस्ता. एकेक भाग आम्हा बहिणींचा, प्रत्येकीला १५ फूट रस्ता. पाटचारीने दिलेला तिरकेपणा कोणा एकाच्या गळ्यात पडला नाही, तिघांनी तो हिश्शाप्रमाणे वाटून घेतला. तुकडे डोळ्यांना वाकडे दिसतात, पण हिशेब त्यांचाच सरळ आहे.

खुंट्या ठोकल्या तेव्हा ज्यांनी तोडगा सुचवला होता तेही आले होते. त्यांनी दोरीवरून चालत चारही भाग पाहिले आणि म्हणाले, “वाकडं दिसतंय, पण बरोबर आहे.” यापेक्षा मोठी पावती आम्हाला नको होती. हे अर्थात घरातल्यांना समजण्यासाठी केलेले माप होते. पुढे सरकारी मोजणी, परवानग्या आणि वाटणीपत्र हे सगळे रीतसर झाले. घरची दोरी कायदेशीर मोजणीची जागा घेत नाही, पण मोजणीच्या दिवशी काय विचारायचे ते तिच्यामुळे कळते.

नंतर धाकटीने आपला भाग भाईजानलाच विकायचे ठरवले. ती दूर राहते, तिला रोख रक्कम सोयीची होती. भाव बाजाराप्रमाणे ठरला. जुन्या २३४०च्या आकड्याने तिचा भाग ५८५ चौरस फूट झाला असता आणि भाईजानला ४५ चौरस फुटांचे पैसे नसलेल्या जमिनीसाठी मोजावे लागले असते. धाकटीने स्वतःच कागदावर ५४० लिहिले. चुकीच्या सूत्राने आज बहिणीचे नुकसान होते, तर उद्या भावाचे. बरोबर सूत्र कोणाच्याच बाजूचे नसते, म्हणूनच ते सगळ्यांना चालते.

वाचक भगिनी-बंधूंना एवढेच सांगावेसे वाटते. घरात जमिनीचा विषय निघाला की नुसती लांबी-रुंदी ऐकून मान डोलवू नका. चारही भुजा मोजा, दोन्ही कर्ण मोजा. भुजा जुळल्या आणि कर्णही जुळले तर लांबी गुणिले रुंदी बिनदिक्कत करा. भुजा जुळल्या पण कर्ण जुळले नाहीत, तर गुण्या लावून उंची काढा. काहीच जुळले नाही, तर एक कर्ण आखून जमिनीचे दोन त्रिकोण करा आणि दोन्हींची क्षेत्रफळे काढून बेरीज करा. आणि मुलींना नववीतले हे प्रकरण नीट शिकू द्या. शिवणकामात उरेब कापड कापतानाही ते लागते, आणि हिस्सा मोजतानाही. हक्क सोडायचा की ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण किती सोडतो आहोत हे ठाऊक असल्याशिवाय सही करू नये.

जाता जाता एक गंमत, घरी करून पाहण्यासाठी. कोऱ्या कागदावर चार ठिपके कुठेही द्या, मुद्दाम वेडेवाकडे. ते क्रमाने जोडून एक चौकोन काढा, ज्याची एकही भुजा दुसरीशी जुळत नाही, अल-ख्वारिज़्मींच्या यादीतला पाचवा. आता चारही भुजांचे मध्यबिंदू पट्टीने काढा आणि तेही क्रमाने जोडा. आत जी आकृती मिळेल ती नेहमी समांतरभुज चौकोन असेल आणि तिचे क्षेत्रफळ बाहेरच्या चौकोनाच्या बरोबर निम्मे असेल. वारिन्यों या फ्रेंच गणितज्ञाचे हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर १७३१ साली छापले गेले. कारणही अवघड नाही. बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढा. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेघ तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते, हे दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शिकवलेले असते. कर्णाच्या दोन्ही अंगांना असे दोन त्रिकोण आहेत, म्हणून आतल्या दोन रेघा त्याच कर्णाला समांतर आणि सारख्या. मग उरलेल्या दोनही आपोआप जुळतात.

पहिल्यांदा हे घरातल्या सर्वांत लहान मुलाला करू द्या. त्याने ठिपके कितीही वाकडे दिले तरी हरकत नाही. मध्य मात्र पट्टीने मोजूनच काढायला सांगा.